लिप बाम लावूनही ओठ फुटतच राहतात: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार बहुधा अशी असते. दिवसातून आठ-दहा वेळा बाम लावला जातो, लावल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, मग ओठ पुन्हा ओढल्यासारखे होतात, सालपटं निघतात, हसलं की खालच्या ओठाची मधली चीर उघडते. नवा बाम आणला की चार दिवस फरक जाणवतो आणि पाचव्या दिवशी जैसे थे. मग त्याहून महागाचा बाम येतो.

ही खरेदी आधी थांबवा. नुसत्या कोरड्या हवेने फुटलेले ओठ योग्य बाम नीट लावला तर दोन ते तीन आठवड्यांत पूर्ववत व्हायला हवेत. झाले नाहीत तर ओठांना न सोसणारं काहीतरी रोज लागतंय, किंवा मुळात हा कोरडेपणाच नाही. पहिल्या शक्यतेत सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो तुमच्या बामवरच.

हवेचा दोष आहे की नाही, हे ऋतूवरून बरंचसं कळतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकात किंवा मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे ओठ फुटले तर त्यात नवल नाही. पण मुंबई-रत्नागिरीत भर जुलैत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते त्या दिवसांत, ओठांची सालं निघत असतील तर कारण हवेत नाही. दिवसभर एसीत बसणाऱ्यांचा तेवढा अपवाद.

बाम नेमकं काय करतो

ओठांच्या लाल भागावरची कातडी फार पातळ असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या ग्रंथीही जवळपास नसतात. त्यामुळे गालाच्या किंवा हाताच्या कातडीसारखं स्वतःचं तेल ओठांवर पसरत नाही आणि आतलं पाणी भराभर उडून जातं. बामचं मुख्य काम एवढंच, की हे पाणी उडू नये म्हणून वर थर धरायचा. भेग भरून काढण्याचं काम कातडी स्वतः करते. बाम तिला त्यासाठी उसंत देतो.

थर धरण्यात साध्या पेट्रोलियम जेलीला तोड नाही. मधमाशीचं मेण, कोकमतेल, शिया बटर, डायमेथिकोन (सिलिकॉनचा एक प्रकार) हेही थर धरतात. ग्लिसरीन, मध, हायल्युरॉनिक ॲसिड यांचं काम वेगळं, ते पाणी ओढून धरतात. वर थर देणारं काही नसताना कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन लावलं तर ते आतल्या थरातलं पाणी वर खेचतं आणि ते उडून जातं. गुलाबपाण्यात ग्लिसरीन घालून लावणाऱ्यांचे ओठ तासाभरात चिकट आणि कोरडे होतात, ते यामुळे.

घरोघरी सांगितला जाणारा बेंबीत तेल घालण्याचा उपाय इथेच निकालात काढू. बेंबीतून ओठांपर्यंत तेल जाण्याची शरीरात कुठलीही वाट नाही. तेच तेल ओठांना लावलं तर निदान थोडा उपयोग होईल. तूप चालतं, पण ते अंगाच्या उबेने पातळ होतं, चवीमुळे जीभ तिकडे जाते आणि थर टिकत नाही. दुधाची साय मात्र नको. भेगांवर दूध वाळवत ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि वर लिंबू पिळलंत तर आगच होईल.

फुटलंय कुठे, ते आधी पाहा

उजेडात आरशासमोर उभं राहा, ओठ धुऊन टिपून घ्या आणि नीट बघा. जागेवरून अर्धं निदान होतं.

दोन्ही ओठांवर सारखी सालपटं, कोपरे आणि भोवतालची त्वचा स्वच्छ: हवा, तोंडाने श्वास घेण्याची सवय, कमी किंवा चुकीच्या पद्धतीने लावलेला बाम, किंवा एखादं औषध. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचे ओठ सुकतात. गोळ्या मनाने बंद करू नका. जाड पेट्रोलियम जेली दिवसभर हाताशी ठेवा आणि तरी भागलं नाही तर मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला.

ओठांच्या बाहेर, जीभ पोहोचते तिथपर्यंत लालसर किंवा काळपट वर्तुळ: ओठ चाटण्याची सवय. लहान मुलांत हे फार दिसतं. थुंकी सुकताना ओठांचं पाणी घेऊन जाते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं कातडीला चुरचुरवतात. मुलाला रागावून उपयोग होत नाही, कारण त्याला ते कळतच नसतं. त्या वर्तुळासकट पेट्रोलियम जेलीचा थर द्या, शाळेत जाताना आणि झोपताना तर नक्कीच. स्ट्रॉबेरी-चॉकलेटच्या वासाचे बाम अशा मुलांच्या हाती मुळीच देऊ नका, त्यांनी चाटणं वाढतं.

फक्त कोपरे चिरलेले, लाल, ओलसर, जांभई देताना दुखणारे: इथे बामचा हात पोहोचत नाही. कोपऱ्यात थुंकी साचते आणि तिथे बुरशी किंवा जिवाणू वाढतात. सैल कवळी, लोहाची किंवा ब गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता आणि मधुमेह ही त्यामागची नेहमीची कारणं. कोणतं मलम लावायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या. दुकानात 'सगळ्यावर चालणारं' म्हणून मिळणाऱ्या मिश्र ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. त्याने चार दिवस छान वाटतं आणि पुढे तोंडाभोवती पुरळ उठतं.

खालच्या ओठाची मधली एकच चीर, भरते आणि पुन्हा उघडते: तिथली कातडी बोलताना-हसताना सतत ताणली जाते. दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री जाड थर द्या. तीन आठवड्यांत मिटली नाही तर दाखवा.

फक्त खालचा ओठ कायम खरखरीत, त्यावर पांढरट पापुद्रा, लाल भाग आणि त्वचा यांच्यातली रेघ पुसट झालेली: शेतात, रस्त्यावर, बांधकामावर वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांनी आणि तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी हे लक्षण हलक्यात घेऊ नये. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. इथे बाम लावून वाट पाहत बसायचं नाही.

बामच्या डबीवरची बारीक अक्षरं

डबीवर घटकांची यादी असते. जास्त प्रमाणातला घटक आधी आणि एक टक्क्याच्या आतले शेवटी, हा तिचा सर्वसाधारण क्रम. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'शिया बटर' आणि मागे यादीत ते सुगंधाच्या आसपास, असं दिसलं की त्यात शिया किती असेल ते समजा.

फुटलेल्या ओठांवर ज्यांना जागा नाही ते घटक असे: मेंथॉल, कापूर, निलगिरी तेल, पुदिन्याचं तेल, दालचिनी, लिंबूवर्गी तेलं, फिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड, आणि 'फ्रेग्रन्स', 'पर्फ्यूम', 'अरोमा', 'फ्लेवर' अशा नावांखाली येणारं सगळं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या टाळण्याच्या यादीत हेच घटक आहेत, शिवाय लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेण) आणि ऑक्सिबेन्झोन (ऊन अडवणारं एक रसायन) हेही आहेत.

मेंथॉल थोडं समजून घेण्यासारखं आहे. ते ओठ गार करत नाही, गारवा ओळखणाऱ्या नसांना नुसतं चेतवतं. त्या झिणझिण्यांना लोक 'काम करतंय' समजतात. भेगांवर तीच झिणझिण त्रासदायक ठरते, तास-दीड तासाने ओढ लागते, पुन्हा बाम लागतो. 'बामची सवय लागली' असं ज्याला म्हणतात, ते बहुतेक वेळा हे चक्र असतं. बामचं दारूसारखं व्यसन लागत नाही, चुरचुर आणि तात्पुरता आराम यांची माळ लागते. नियम सोपा ठेवा: लावल्यावर जो बाम झोंबतो, तो बाद.

थोडी गुंतागुंत इथेच आहे. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असं नाही. मधमाशीच्या मेणात प्रोपोलिसचा (मधमाश्या झाडांच्या डिंकापासून बनवतात त्या चिकट पदार्थाचा) अंश राहू शकतो आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. एरंडेल बहुतेकांना मानवतं, पण लिपस्टिक आणि बाममधल्या एरंडेलाने ओठ बिघडलेले लोकही आहेत. म्हणून यादी पाहून अंदाज बांधता येतो, निकाल मात्र पुढच्या चाचणीनेच लागतो.

बाम निर्दोष असेल तर बाकीचे संशयित

टूथपेस्ट पहिली. जास्त फेस करणारं सोडियम लॉरिल सल्फेट, पुदिना, दालचिनी, लवंगतेल हे सगळं दिवसातून दोनदा ओठांवरून जातं. बदलताना सौम्य वासाची, फेस न करणारी घ्या आणि दात घासण्यापूर्वी ओठांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. एवढ्यानेच कित्येकांचा अर्धा त्रास जातो. अल्कोहोल असलेला माउथवॉशही काही दिवस बाजूला ठेवा.

त्यानंतर बराच वेळ टिकणारी मॅट लिपस्टिक, आणि त्याहून जास्त ती खरवडून काढण्याची पद्धत. ती पुसायला आधी तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून मिनिटभर थांबा. पानातला आणि तंबाखूतला चुना ओठ भाजतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि महाराष्ट्र-गोव्यात एप्रिल ते जून या काळात विसरला जाणारा संशयित म्हणजे आंबा. आंब्याच्या चिकात आणि सालीत बिब्ब्याच्या जातीची दाहक द्रव्यं असतात (आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं). ज्यांना ती सोसत नाहीत, त्यांचे ओठ सुजतात, खाजतात, बारीक फोड येऊन सालपटं निघतात. हे लगेच होत नाही, एक ते तीन दिवसांनी होतं, म्हणून आंब्याकडे बोट जातच नाही. 'उन्हाळ्यामुळे ओठ फुटले' म्हणून बाम लावत राहतात आणि संध्याकाळी पुन्हा रायवळ चोखतात. अशांनी आंबा सोडायची गरज बहुधा पडत नाही. देठाकडचा भाग कापून पहिला चीक पिळून टाकायचा, फळ धुवायचं, दुसऱ्या कुणीतरी साल काढून फोडी करून द्यायच्या आणि सालीला तोंड लावायचं नाही. ओले काजू सोलणाऱ्यांनी तोच हात ओठांना लावू नये. टरफलातलं तेल आंब्याच्या चिकापेक्षा जास्त जाळतं.

तीन आठवड्यांची चाचणी

सगळे बाम, लिपस्टिक, स्क्रब, घरगुती लेप एका डब्यात घालून ठेवून द्या. फेकू नका, पुढे लागतील. औषधाच्या दुकानातून बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली आणा. वेष्टनावर 'व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आय.पी.' किंवा 'व्हाइट पेट्रोलियम जेली आय.पी.' असं लिहिलेलं असतं (आय.पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाची भारतीय मानकं). सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवरच्या काही जेलींमध्ये सुगंध असतो, त्या या कामाला नकोत.

पहिले दोन ते तीन आठवडे ओठांना फक्त ही जेली आणि सौम्य टूथपेस्ट, दुसरं काही नाही. या काळात ओठ स्वच्छ झाले, तर दोषी त्या डब्यात आहे. मग एकेक वस्तू परत आणा, दोन वस्तूंमध्ये आठवडाभराचं अंतर ठेवून. दोन एकदम आणल्या तर सगळी मेहनत पाण्यात.

ओठांवर प्रयोग करायची भीती वाटत असेल तर बाम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा सात ते दहा दिवस लावा. जागा लाल झाली, खाजली, बारीक पुरळ आलं तर तो बाम ओठांना लावायचा नाही. काही झालं नाही म्हणून मात्र तो पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण ओठांची कातडी कोपरापेक्षा नाजूक असते.

जेलीनेही तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर बाजारातला कुठलाच बाम पाडणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

लावण्याची पद्धत

योग्य बाम असूनही तो पोहोचत नाही, याची कारणं साधी आहेत. सुकून कडक झालेल्या सालपटांवर बाम लावला तर तो सालपटांवरच बसतो. आधी ओलं मऊ कापड दोन-तीन मिनिटं ओठांवर धरा, मऊ झालेली सैल सालं एकदाच हलक्या हाताने पुसा, चिकटलेली ओढू नका. ओठ ओलसर असतानाच बाम लावा. डबीतला असेल तर मुगाच्या दाण्याएवढा दोन्ही ओठांना पुरतो. कांडी असेल तर दोन-तीनदा फिरवा आणि ओठांच्या कडेबाहेर किंचित जाऊ द्या. उभ्या भेगा असतात तिथे आडवी फिरवलेली कांडी वरवरच जाते, बोटाने उभा हात द्या.

वेळा: दात घासल्यावर, जेवणानंतर, बाहेर पडताना आणि झोपताना. झोपतानाचा थर सगळ्यात जाड, कारण रात्री नाक बंद असलं की तोंडाने श्वास चालतो आणि पहाटेपर्यंत ओठ कोरडेठाक होतात. दर सकाळी ओठ आणि घसा दोन्ही सुकलेले असतील तर उपाय नाकावर करायला हवा.

साखरेचा स्क्रब भेगा असताना नको. 'पाणी जास्त प्या' हा सल्ला उन्हातान्हात हिंडणाऱ्याला ठीक आहे. पण पुरेसं पाणी पिणाऱ्याने आणखी दोन तांबे प्यायल्याने ओठ मऊ होत नाहीत.

उन्हासाठी वेगळा विचार करावा लागतो. ओठांत मेलानिन कमी असतं आणि नुसत्या जेलीने ऊन अडत नाही. दुपारी बाहेर काम असेल तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचा, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला बाम घ्या आणि दर दोन तासांनी, खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच, पुन्हा लावा. क्रिकेटपटूंच्या ओठांवर दिसणारा पांढरा थर म्हणजे बहुधा हे झिंकच. विदर्भात उन्हाळ्यात तोंडावर दुपट्टा बांधतात, त्याने ऊनही अडतं आणि गरम वाराही, तेव्हा बामबरोबर तोही सोडू नका.

बाम वितळतो, रवाळ होतो, घाम फुटतो

हा त्रास बामला होतो, ओठांना नाही. पण तक्रारी याच्याही येतात.

मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कोकमतेल ३८ ते ४० ला आणि खोबरेल २४ च्या आसपास. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर यातल्या दोघांचं पाणी होतं, मेणही मऊ पडतं. नंतर ते हळूहळू थंड होताना कडक चरबीचे स्फटिक आधी आणि मऊ चरबीचे मागाहून जमतात, म्हणून ओठांवर रव्याचे दाणे फिरल्यासारखे लागतात. बाम खराब झालेला नसतो. बारीक चमच्याने तो वाटीत काढा, गरम पाण्यावर ठेवून पूर्ण पातळ झाल्यावर आणखी पंधरा मिनिटं तसाच गरम राहू द्या, म्हणजे एकही जुना दाणा उरणार नाही. परत ओतून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. पटकन थंड झाला की दाणे बारीक राहतात आणि जिभेला-ओठाला जाणवत नाहीत.

पृष्ठभागावर तेलाचे थेंब दिसले तर त्यात मेण कमी आहे किंवा जागा फार गरम आहे. कांडी ओठांना ओढत असेल तर मेण जास्त झालंय. खवट वास आला तर मात्र टाकून द्या, ते दुरुस्त होत नाही.

घरी करायचा असेल तर

वासाचा, रंगाचा संशय नको असणाऱ्यांना घरचा बाम सोयीचा पडतो. कोकणात फुटलेल्या ओठांना आणि टाचांच्या भेगांना कोकमतेलाचा गोळा पिढ्यान् पिढ्या चोळला जातो, काही भागांत त्याला मुठेल म्हणतात. नुसता गोळा कडक असतो, ओठांवर नीट फिरत नाही, म्हणून खालचं मिश्रण.

४० ग्रॅमसाठी: मधमाशीचं मेण १० ग्रॅम, कोकमतेल १० ग्रॅम, बदाम किंवा तिळाचं तेल १४ ग्रॅम, एरंडेल ६ ग्रॅम. एरंडेल सोसत नसेल तर तितकंच दुसरं तेल. एवढ्यात साडेचार ग्रॅमच्या आठ-नऊ कांड्या होतात. डबीत भरायचा असेल तर मेण ६ वर आणा आणि तेल ४ ग्रॅमने वाढवा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यासाठी मेण १२ आणि बदाम-तिळाचं तेल १२. चमच्याच्या मापाने करू नका, मेणाच्या दोन ग्रॅमच्या फरकाने कांडी दगड होते किंवा लोणी.

मेण शुद्ध हवं. मेणबत्तीचं मेण हे पॅराफिन असतं, शिवाय त्यात रंग आणि वास घातलेला असू शकतो. घरी बिया उकळून काढलेल्या कोकमतेलात ओल राहते. ते आधी एकट्यानेच मंद आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवा आणि पातळ सुती कपड्यातून गाळा. ओल राहिली तर पुढे बुरशी येते.

पातेल्यात पाणी तापवून त्यावर कोरडी स्टीलची वाटी ठेवा. आधी मेण, ते विरघळलं की कोकमतेल, मग तेलं. पाणी खळखळ उकळू नका, वाफेचा एक थेंबही वाटीत पडता कामा नये. सगळं एकजीव झाल्यावर पंधरा मिनिटं तसंच ठेवा. मग फ्रीजमधल्या थंड चमच्यावर दोन थेंब टाका, दोन मिनिटांनी बोटाने घासून बघा. कडक वाटलं तर थोडं तेल, मऊ वाटलं तर थोडं मेण. ही तपासणी टाळली की सगळ्या कांड्या पुन्हा वितळवाव्या लागतात. उतरवल्यावर ई जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल टोचून पिळा. तिने तेल खवट व्हायला वेळ लागतो, जंतू मात्र मरत नाहीत.

कांडीच्या नळ्या नव्वद टक्के भरा. बाम बाहेरून आत गोठत जातो, म्हणून मधे खड्डा पडतो. वर साय धरली की उरलेलं मिश्रण ओतून खड्डा भरा आणि वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

बिघडण्याची सगळ्यात मोठी कारणं दोन: मध आणि बीट. मध तेलात मिसळत नाही, तळाशी चिकट थेंब होऊन बसतो. बिटाचा रस म्हणजे पाणी, तो वेगळा होतो आणि आठवड्याभरात बुरशी धरतो. लिंबाचं तेल घालू नका, ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजू शकते. सुगंध हवाच असा हट्ट असेल, तर हा सगळा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न विचारायला हवा.

ओठांशिवाय कुठे, आणि कुठे नाही

बिनवासाचा बाम सर्दीत पुसून पुसून सोललेल्या नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला, नखांच्या मुळाशी, चपलेने घासलेल्या टाचेला चालतो. रंगपंचमीआधी ओठांवर आणि नखांभोवती जाड लावला की रंग धुताना सोपं जातं. अडकलेल्या चेनच्या दातांवर फिरवला तर ती सरकते. मात्र ती कांडी पुन्हा ओठांना नको.

नाकाच्या आत रोज रात्री तेलकट बाम भरण्याची सवय लावू नका, तो श्वासातून फुप्फुसात उतरू शकतो. घरी ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णांच्या ओठा-नाकाला पेट्रोलियम जेली किंवा तेल लावायचं नाही, ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. त्यांच्यासाठी पाण्यावर आधारलेलं जेल मिळतं, ते डॉक्टरांना विचारून आणा. आणि एकाची कांडी दुसऱ्याने वापरायची नाही, विशेषतः ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले फोड आलेले असताना. त्या फोडांचा विषाणू अशा वस्तूंवरून पसरू शकतो.

डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक गाठ, पांढरा चट्टा, कारण नसताना येणारं रक्त, मधाच्या रंगाच्या खपल्या, यापैकी काहीही असेल तर थांबू नका. ओठ अचानक सुजून श्वास अडत असेल तर तडक इस्पितळ.

बाकीच्यांनी जाताना तो बाजूला ठेवलेला डबाच सोबत न्या: सगळे बाम, लिपस्टिक, टूथपेस्ट, माउथवॉश, मुरमांच्या ट्यूब, चालू गोळ्यांची पाकिटं. घटकांची यादी वाचता यावी म्हणून खोकी असतील तर तीही. त्या दिवशी ओठांना काही लावू नका, चमकणाऱ्या थराखाली सालपटं दिसत नाहीत. त्रास सर्वांत जास्त होता त्या दिवशीचा, उजेडात काढलेला फोटो फोनमध्ये ठेवा. ॲलर्जीचा संशय आला तर पॅच टेस्ट सुचवली जाईल. त्यात पाठीवर घटकांच्या पट्ट्या लावतात, त्या ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही, घाम गाळता येत नाही, म्हणून एप्रिल-मेऐवजी थंडीतली तारीख मिळाली तर बघा.